कै बिडी

महादेवपुरा, बंगळुरू
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

आधी बातमी ऐक, नमस्कार-चमत्कार मागाहून. मी पोहले! काल, शनिवारी, सकाळी साडेअकराला, चांगल्या लख्ख उन्हात, पंचवीस मीटर! तलावाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मध्ये कुठं न थांबता, दोरीला न लटकता, कुणाचा हात न धरता. तुझी लंगडी बहीण, सदुसष्ट वर्षांची, एक पाय काडीसारखा आणि दुसरा त्याचं ओझं वाहून वाहून दमलेला, ती! हसून राहिलास ना? हस, हस. शाल्मलीनं मोबाइलवर सगळं टिपलंय, पण ते मी अवधूतला पाठवू दिलं नाही. ही बातमी तुला माझ्या अक्षरात कळायला हवी होती. फोन करू शकले असते म्हणशील. पण तुमच्याकडं फोन आला की अवधूत तो स्पीकरवर टाकतो, वहिनी स्वयंपाकघरातून उत्तरं देते आणि तू 'हं, हं' करत खिडकीबाहेर बघत बसतोस. मला ह्या वेळी तू एकटा हवा आहेस. चष्मा शोध, खुर्ची उजेडाकडं ओढ आणि हे पत्र स्वतः वाच. वहिनीला वाचायला सांगशील तर बघ!

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला नको. मला तू इथं हवा आहेस. बंगळुरूला, ह्याच तलावाशी, नुसता काठावर नाही, पाण्यात. 'नाही' म्हणालास ना लगेच? ऐकू आलं मला इथवर. लकव्याचा झटका येऊन तुला पंधरा महिने झाले, आणि पंधरा महिने तू हेच करून राहिलास. फिजिओथेरपीवाला आला की झोपेचं सोंग. डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सुचवले तर त्यांच्यावरच डाफरलास, की पाण्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. अवधूत बिचारा फोनवर रडवेला होतो. बाबा म्हणतात मी आता संपलो, असं सांगतो. संपलो म्हणे! एकाहत्तर हे काय संपायचं वय आहे?

तर माझी कथा. हे गेल्यावर शाल्मली आणि सुमंत मला नागपूरहून इकडं घेऊन आले, त्याला तीन वर्षं झाली. लेक-जावई दोघंही कॉम्प्युटरवाले, दिवसभर मीटिंगा. मी चौदाव्या मजल्यावर. लिफ्टनं खाली उतरलं की बाग, बागेत बाक, बाकावर मी. मागच्या पावसाळ्यात माझा चांगला पाय दगा द्यायला लागला. लोखंडी कॅलिपर बांधते तो नव्हे, चांगला! उभी राहिले की थरथरायचा, दोनदा बाथरूममध्ये पडले. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमच्या घरी तुझंच दुखणं पुरे होतं. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोलिओ असाच असतो, लहानपणी एक पाय नेतो आणि म्हातारपणी दुसऱ्याची चौकशी करायला परत येतो. ह्या पायानं साठ वर्षं दोघांचं काम केलंय, आता त्याला विश्रांती हवी आणि व्यायामही हवा. मी म्हटलं, दोन्ही एकदम कसं जमायचं? म्हणाल्या, दोनच रस्ते आहेत, चाकाची खुर्ची नाहीतर पाणी. पाण्यात अंगाला वजन राहत नाही.

आता आमच्या इमारतीतच एक निळाशार तलाव आहे. म्हटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? गेले एक दिवस काठी टेकत. दारावरच्या माणसानं नियमांची पाटी दाखवून परत पाठवलं. मग कमिटीचं पत्र आलं, की लोखंडी कॅलिपरनं फरश्या फुटतील आणि ज्येष्ठांची जबाबदारी कोण घेणार. माझं डोकंच सणकलं! तशीच मीटिंगमध्ये जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, माझी जबाबदारी मी सदुसष्ट वर्षं घेतेय, तुमच्यापैकी कुणी मागितली होती का? सुमंत मान खाली घालून बसला होता, पण लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर त्यानं मला टाळी दिली. परवानगी मिळाली नाही ती नाहीच. पण शाल्मली माझीच लेक. चार दिवसांत तिनं दुसरा तलाव हुडकून काढला, इथून दहा मिनिटांवर.

एका शाळेचा जुना तलाव आहे तो. मंगळवार, गुरुवार, शनिवार अकरा वाजता शाळेनं तो वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आणि अपंगांना मोकळा ठेवलाय. अकराच का, तर तोवर ऊन पाण्यात उतरलेलं असतं आणि सांध्यांना थंडी बोचत नाही. हल्ली दिव्यांग म्हणतात बरं का, पण मला आपलं लंगडीच सुटसुटीत वाटतं. तर तिथं पायऱ्यांच्या जागी लांब उतार बांधलाय, दोन्ही बाजूंना कठडा. चाकाची खुर्ची सरळ पाण्यात जाते! पहिल्या दिवशी मी ते बघतच राहिले. एक दृष्टी नसलेली मुलगी दोरीला खांदा घासत अशी सरळ पोहत होती, की डोळसांनी लाजावं. कुणाला गुडघे, कुणाला कंबर, कुणाला पायच नाहीत. काठावर कुबड्या, काठ्या, वॉकर आणि कवळ्यांच्या डब्या ओळीनं मांडलेल्या. माझं कॅलिपरही मी त्यांच्यात नेऊन ठेवलं, आणि दादा, आयुष्यात पहिल्यांदा ते काढताना मला कुणी बघतंय का म्हणून इकडंतिकडं पाहावं लागलं नाही. पोहण्याच्या कपड्यांबद्दल मात्र विचारू नकोस. शाल्मलीनं गळ्यापासून घोट्यापर्यंतचा काळा झगमगीत प्रकार मागवला होता. आरशात बघून मी म्हटलं, ना बापा, ही तर वांग्याची भाजी करायच्या आधीचं वांगं दिसते.

शिकवणारे शिवाप्पा. साठीचे, चकचकीत टक्कल, गळ्यात शिट्टी आणि डावा हात कोपरापासून नाही. तरुणपणी होसकोट्याच्या एका कारखान्यात गेला तो. मी शाल्मलीच्या कानाशी लागून म्हटलं, हा माणूस मला एका हातानं धरणार? ती म्हणाली, आई, तू तरी किती पायांनी पोहणार आहेस? कार्टी! आणि दुसऱ्या सत्यवती अक्का. वय शहात्तर, दोन्ही गुडघे नवे बसवलेले. ह्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडं आले ते इथंच राहिले. घरात अजून मराठी बोलतात, पण अशी मराठी तू ऐकली नसशील. मला म्हणाल्या, "भिऊ नको गं, स्वल्प थांब, पाण्यात गेलीस की सगळं सरी होतंय बघ." सरी म्हणजे ठीक. जे. पी. नगरहून येतात. दीड तास ट्रॅफिकमध्ये, पाऊण तास पाण्यात आणि पुन्हा दीड तास ट्रॅफिकमध्ये. मी विचारलं, काहून इतका त्रास? तर म्हणाल्या, घरी बसून तरी मी कुठं जातेय?

आता पहिल्या धड्याची गंमत ऐक. मी कंबरभर पाण्यात, दोन्ही हातांनी कठडा आवळून उभी. अक्का शेजारी. शिवाप्पा समोरून ओरडले, "कै बिडी, अम्मा, कै बिडी!" मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, ट्रंक कॉलच्या खरखरीतून लोकांची नावंगावं बिनचूक टिपली, माझ्या कानांचा मला केवढा गर्व! मला स्पष्ट ऐकू आलं, "काय, बिडी?" म्हटलं, हा बाबा मला बिडी ओढतेस का विचारतोय की काय? दम लागतो का ते तपासत असेल. मी मान हलवून म्हटलं, नाही. ते पुन्हा, "कै बिडी!" मग माझाही आवाज चढला. इथं कामाला हिंदी लागते, म्हणून हिंदीतच गरजले, "मैं बीड़ी नहीं पीती! घर में भी कोई नहीं पीता!" शिवाप्पा तोंड उघडं ठेवून उभे. आणि अक्का अशा हसत सुटल्या, की त्यांनाच धरायची वेळ आली. "अगो, बिडी कुठली काढलीस? कै म्हणजे हात. बिडी म्हणजे सोडा. कठड्याचा हात सोडा म्हणतोय तो!" मग काय, पन्नासजण खोखो हसले. अजूनही मी आले की कुणीतरी दोन बोटं ओठांशी नेऊन मला झुरका मारून दाखवतंच. मीही आता धूर सोडून दाखवते.

पण त्या दिवशी मी हसले नाही, दादा. हात सोड, हे शब्द मराठीत कानावर पडले आणि मला तिथं थांबवेना. कठडा धरून, खुरडत, मी बाहेर आले. कॅलिपरचे पट्टे शेवटी शाल्मलीनं बांधले. आठ दिवस गेले नाही. सगळ्यांना सांगितलं, पाणी गार आहे. कारण काय होतं ते तुला सांगायला नको. मामांच्या काटोलच्या बागेतली ती पायऱ्यांची विहीर. सदुसष्ट सालचा मे महिना. तुला तेरावं लागलेलं, मी नऊची पण पुरती नाही. लंगडीला कशाला पाण्यात नेतोस म्हणून मामांची पोरं चिडवत होती आणि तू त्यांना म्हणालास, पाय जमिनीवर लागतो, पाण्यात नाही लागत. तीन दिवस शिकवलंस मला. उजव्या हातानं पायरीची कडी धरायचास आणि डाव्या हातात माझा हात. चौथ्या दिवशी हात सुटला, मी खाली गेले, तू उडी मारून मला वर काढलंस. बाबांनी निंबाची फोक तुझ्या पाठीवर मोडली. महिनाभरानं शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धेला तुझी निवड झालेली होती, तिथं तू गेला नाहीस. त्यानंतर तू पाण्यात पाऊल टाकलं नाहीस. गणपतीपुळ्याला आपण सगळे गेलो तेव्हा समुद्राकडं पाठ करून अकरा माणसांच्या चपला सांभाळत बसला होतास. आपल्या घरात ही गोष्ट अशीच सांगतात. तूही अशीच सांगतोस.

आणि त्याच आठ दिवसांत तुझा फोन आला. एकदाच, स्वतःहून केलास, घरी कुणी नसताना. आठवतं? मी तब्येत विचारली आणि तू एकदम म्हणालास, "सुने, विहिरीत ज्या हातातून तुझा हात सुटला ना, तोच डावा हात गेला बघ. देवाच्या बरोबर लक्षात होतं." चौतीस वर्षं मी जगाचे फोन जोडले, आणि त्या क्षणी तुझाच तोडला. कुकर झाला म्हणून फोन ठेवला. कुकर बिकर काही नव्हतं. मी पलंगावर बसून राहिले. मग उठून तो काळा झगा पिशवीत भरला आणि गुरुवारी सकाळी सुमंतला म्हटलं, मला तलावावर सोड.

त्या गुरुवारी मला तिथला रिवाज कळला. तुला तो नीट सांगायलाच हवा. नवा माणूस आला, की शिवाप्पा जुन्यांपैकी एकाला त्याच्या जोडीला देतात. त्याला म्हणायचं 'कै'. म्हणजे हात. माझी कै होत्या सत्यवती अक्का. कैच्या मनगटाला एक पिवळी पट्टी असते. पाण्यात उतरण्याआधी दोघांनी एकमेकांचा हात धरायचा आणि नियम मोठ्यानं म्हणायचा. नियम एवढाच: धरणाऱ्यानं कधी सोडायचं नाही. सोडायचं ते शिकणाऱ्यानं, आपल्या मनानं, आपल्या वेळेला. शिवाप्पा ओरडतात ते शिकणाऱ्याला, कैला नाही. अक्का म्हणाल्या, कन्नडात कै बिडू म्हणजे टाकून देणं पण होतं. देवाला सांगतो बघ आपण, कै बिडबेडा, मला अंतर देऊ नकोस. पण पाण्यात त्याचाच अर्थ उलटा होतो, इथं जो सोडतो तो शिकतो. मी नियम म्हणायला गेले आणि मधेच रडायला लागले. शिवाप्पांना वाटलं पाण्याची भीती. त्यांनी एका हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "सरी सरी, रोना भी पानी ही है."

मग पुढचे पाच महिने नुसती धमाल! आधी नाकातोंडात पाणी, मग तरंगायला शिकले, मग हात मारायला. पाय नसेना का कामाचा, काठ्या टेकून टेकून माझे खांदे पहिलवानासारखे झालेत, ते आत्ता कुठं उपयोगाला आले. मी पाठीवर पोहते, दादा. पोटावर घेतलं की तो पाय खाली ओढतो, पाठीवर मात्र शहाण्यासारखा मागून येतो. चांगला पायही सुधारला. दिवाळीत मी ओट्याशी उभी राहून अनरसे तळले! आणि भूक अशी लागते, की तलावावरून परतताना वाटेतल्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, दोन इडल्या आणि वडा हाणल्याशिवाय घर दिसत नाही.

पण तुला सांगायचंय ते भीमाचार्यांबद्दल. निवृत्त शाळामास्तर, त्र्याहत्तरचे, तुझ्यासारखाच लकवा, उजवी बाजू. माझ्यानंतर महिन्याभरानं आले. चेहरा तुझ्यासारखाच, म्हणजे जगानं ह्यांचं काहीतरी चोरलंय असा. मुलगा खुर्चीतून आणायचा आणि हे डोळे मिटून घ्यायचे. पहिल्या दिवशी खुर्ची छातीभर पाण्यात गेली. हात मांडीवर ठेवलेला होता, मेल्यासारखा. आणि तो आपोआप वर आला! त्यांनी उचलला नाही रे, पाण्यानं उचलला. ते त्या हाताकडं असे बघायला लागले, की जणू पाहुणा आलाय घरी. एका वर्षानंतर त्यांनी आपला हात आपल्या डोळ्यांसमोर बघितला होता. आता ते त्या हातानं पाणी कापतात, वाकडंतिकडं, पण कापतात, आणि फेऱ्या मोजताना वर्गात दरडावल्यासारखे कन्नडात आकडे ओरडतात. परवा त्यांनी बायकोला स्वतःच्या उजव्या हातानं पोळीचा घास भरवला. म्हातारी लाजून गोरीमोरी झाली. मी हे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझी ती खिडकी होती, आणि तिच्यातला तू.

आणि मग कालचा शनिवार. शिवाप्पा म्हणाले, आज भिंत ते भिंत. माझी पाचावर धारण बसली. अक्कांनी हात धरला, मी नियम म्हटला, पाठीवर झाले आणि माझ्या मनानं, माझ्या वेळेला, अक्कांचा हात सोडला. वर आभाळ, स्वच्छ निळं, एक घार फिरत होती. कान पाण्यात, त्यामुळे बाहेरची ओरड ऐकू येईना, नुसता माझाच श्वास. निम्म्यात खांदे भरून आले. वाटलं, दोरी धरावी. मी स्वतःलाच ट्रंक कॉलवर सांगितलं, लाइन चालू ठेवा, कॉल जोडला जातोय! आणि एकदम डोकं ठाणकन भिंतीवर आपटलं. टेंगूळ आलंय. इतकं गोड टेंगूळ मला कधी आलं नाही. वर बघते तर काठावर सगळे वाकलेले, चाकांच्या खुर्च्या थोपटून राहिलेले, अक्का रडतायत, शाल्मली रडतेय, भीमाचार्य खुर्चीतूनच उजवा हात वर करून बसलेले. शिवाप्पांनी सगळ्यांसमोर अक्कांच्या मनगटावरची पिवळी पट्टी सोडवली आणि माझ्या मनगटावर बांधली. म्हणाले, "सुनंदाम्मा, आज से आप कै." नवा माणूस कोण हवा सांगा, त्याचं नाव वहीत घालतो. दादा, मी विचार करायला एक क्षणही घेतला नाही. कन्नडात 'शरच्चंद्र' हे तुझं नाव कसं लिहितात ते मी काल पाहिलं.

आता ऐक, ज्यासाठी एवढी पानं खरडली ते. तू माझा हात सोडला नव्हतास. मी सोडला होता. तू धरलेला हात मी सोडवून घेतला, एकेक बोट करून, मुद्दाम. मला बघायचं होतं, पाय पाण्यात खरंच लागत नाही का. आणि नाही लागला, दादा! चार श्वास मी तरंगले. मी मोजले होते. विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ, सुगरणीची लोंबणारी घरटी, आणि मी लंगडी नाही! इतका आनंद झाला, की मी हसायला गेले, तोंडात पाणी शिरलं आणि खाली गेले. वर काढलंस, घरी नेलंस, बाबांनी विचारलं हात कुणी सोडला, आणि त्यांच्या हातातली फोक बघून मी तुझ्याकडं बोट दाखवलं. तू माझ्याकडं पाहिलंस. तुला वाटलं, हिला खोटं कशाला बोलावंसं वाटेल, आपलाच हात सुटला असणार. ती फोक माझ्या पाठीची होती. दुसऱ्या दिवशी सदऱ्याखाली वळ झाकून तू मलाच विचारलंस, सुने, पोटात फार पाणी गेलं का गं? तेव्हा सांगायला हवं होतं. आधी बाबांची भीती, मग लाज, मग इतकी वर्षं झाली की सांगायला तोंडच उरलं नाही. आई-बाबा गेले, मामा गेले, आणि अठ्ठावन्न वर्षं तू त्या हाताला दोष देत बसलास. देवाच्या काहीही लक्षात नव्हतं, दादा, लक्षात माझ्या होतं. तो हात निर्दोष आहे. त्यानं धरणाऱ्याचा नियम शेवटपर्यंत पाळला, आणि शिकणाऱ्यानं करायचं ते मी केलं होतं. चार श्वास का होईना, तू मला पोहायला शिकवलं होतंस, आणि कालचे पंचवीस मीटर ही त्याच धड्याची पुढची ओळ आहे. आता रागाव. खूप रागाव, वर्षभर बोलू नकोस माझ्याशी, मी ऐकून घेईन. पण रागावून का होईना, ये. अवधूतनं एकवीस तारखेची तिकिटं काढली आहेत, तुला खालचा बर्थ आहे, वहिनीनं बॅगसुद्धा भरून ठेवलीय, सगळे कटात सामील आहेत. पत्रातलं मात्र त्यांना काही ठाऊक नाही, ते तू सांगायचं की नाही ते तू ठरव. मंगळवारी चोवीस तारखेला, अकरा वाजता, ऊन पाण्यात उतरलेलं असेल. मी तुझा डावा हात धरीन, आणि ह्या वेळी सोडणार नाही. तुला सोडावासा वाटला, तर तू सोड.

तुझीच,
आणि येत्या चोवीस तारखेपासून तुझी कै,
सुनी